आधी छळ थांबवा, अर्थ नंतर शोधा

वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत मी मराठी शिकवत आले. आठवी-नववीच्या वयात मुलं एकमेकांना किती जीव लावतात आणि किती क्रूर वागतात, हे दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतं. या क्रूरपणाविषयी मुलांशी आणि पालकांशी बोलताना मला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती एक जपानी कादंबरी. ओसाकात जन्मलेल्या मिएको कावाकामी यांची ‘हेवन’. ती जपानीत २००९ साली आली आणि सॅम बेट व डेव्हिड बॉइड यांचा इंग्रजी अनुवाद २०२१ साली निघाला. २०२२च्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती. त्या वर्षी पारितोषिक मिळालं ते गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या अनुवादाला. ‘रेत समाधि’च्या कौतुकामुळेच मी त्या यादीतली बाकीची पुस्तकं मिळवली आणि ‘हेवन’ वाचली.

कथा १९९१ सालची. चौदा वर्षांच्या एका मुलाचा एक डोळा तिरळा आहे. वर्गातली टोळी त्याला रोज मारते, अपमान करते. त्याच वर्गात कोजिमा नावाची मुलगी आहे. कपडे मळके, केस विस्कटलेले, म्हणून मुली तिला छळतात. ती त्याला चिठ्ठी लिहून मैत्री मागते. पुढे दोघांच्या बोलण्यातून एकच प्रश्न परत परत उभा राहतो : आपण जे सोसतो त्याला काही अर्थ आहे का?

हा प्रश्न वर्ध्यात विचारावा असाच आहे. दुःखाला अर्थ देणारी गांधीजींसारखी मोठी माणसं या मातीत राहून गेली. पण शाळेतल्या मुलाच्या बाबतीत त्यांचं नाव आपण फार सहज आणि चुकीच्या जागी घेतो. वर्गात, पालकसभेत आणि या पुस्तकाच्या वाचनात जे हाती आलं, ते क्रमानं मांडते.

१. गंमत होती की नाही, हे सोसणाऱ्याला विचारा

“मॅडम, आम्ही तं गंमत करून राहिलो होतो जी. तो बी हासत होता.” हे उत्तर प्रत्येक शिक्षकानं ऐकलेलं असतं. मुलगा हसत असतो हेही खरं. चारजण घेरून उभे असताना हसला नाही तर मार वाढतो, हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे त्याचं हसू हा पुरावा धरायचा नाही.

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा मला वर्गात फार कामी येतात. दुखवण्याचा हेतू आहे का, ते पुन्हा पुन्हा होतं का आणि दोघांच्या बळात फरक आहे का. दोन बरोबरीची पोरं क्रिकेटवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेली, तर ते भांडण. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा एका सायकलवर दिसतात. पण एकाच मुलाच्या सायकलची हवा रोज सोडली जाते, त्याच्याच डब्यातली भाजी रोज सांडते, त्याच्याच चपला रोज गच्चीवर सापडतात, तेव्हा ते भांडण नसतं. बळ म्हणजे नुसतं दंडातलं बळ नव्हे. सोबतची संख्या, गावातलं घराचं वजन, जात, वडिलांची ओळख, हातातला मोबाइल, हे सगळं बळच.

२. छळ मोठ्यांच्या नजरेआड वाढतो, म्हणून नजर तिकडे न्या

‘हेवन’मधली टोळी एक काळजी घेते : अंगावर दिसेल अशी खूण राहू द्यायची नाही. शिक्षक वर्गात असतात, घरी सावत्र आई असते, तरी कुणाला काही कळत नाही. टोळीचा म्होरक्या निनोमिया दिसायला देखणा, अभ्यासात पुढे आणि सगळ्यांचा लाडका आहे. आपल्याकडेही त्रास देणारा पोरगा म्हणजे मागच्या बाकावरचा नापास पोरगा, असं आपण धरून चालतो. वर्गाचा मॉनिटर हे करत असेल अशी शंकाही येत नाही.

छळाच्या जागा ठरलेल्या असतात. मधल्या सुट्टीतला नळ, मुतारीची मागची भिंत, एसटीची शेवटची सीट, ट्यूशनहून परतीचा रस्ता, वसतिगृहाची रात्र. आणि आता व्हॉट्सअॅपचा ग्रुप. तो शाळा सुटल्यावरही सुटत नाही. पूर्वी घराचं दार लावलं की मुलगा सकाळपर्यंत तरी सुरक्षित असायचा. आता रात्री अकरा वाजता त्याच्या फोटोवर कान नि शेपूट चिकटवून तो फिरवला जातो.

मूल सांगत नाही, पण त्याचं वागणं सांगतं. सोमवारी सकाळीच पोट दुखणं, शाळेत मुतारीला न जाता घरापर्यंत रोखून धरणं, लांबच्या रस्त्यानं येणं, वह्या वारंवार हरवणं, डबा न खाताच परत नेणं, आवडीचा विषय अचानक नकोसा होणं. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की राजकोटला शिकत असताना शाळा सुटली की ते घराकडे पळत सुटायचे. कुणाशी बोलणं नको आणि कुणी टर उडवायला नको, म्हणून. ज्या माणसानं पुढे साम्राज्याला आव्हान दिलं, त्याच्या लहानपणीची ही भीती मी मुलांना मुद्दाम सांगते. घराकडे पळणारं मूल भित्रं असतं असं नाही. ते कशापासून तरी पळत असतं.

३. दुःखाला अर्थ द्यायची घाई करू नका

या कादंबरीनं मला दिलेला हा सर्वांत मोठा धडा.

कोजिमाचे आईवडील वेगळे झालेत. आईनं पैसेवाल्या माणसाशी लग्न केलंय, वडील मात्र कारखान्यात राबतात आणि गरिबीतच आहेत. त्यांची आठवण राहावी म्हणून ती मळकी राहते. तो मळ ही तिनं स्वतः निवडलेली खूण आहे. तिचं म्हणणं असं की आपण हे सोसतो ते दुबळे आहोत म्हणून नाही, या सोसण्याला अर्थ आहे आणि एक दिवस सगळ्यांना तो कळेल. मित्राचा तिरळा डोळासुद्धा तिला अशीच खूण वाटते.

दुसऱ्या बाजूला टोळीतला मोमोसे नावाचा मुलगा आहे. तो स्वतः फारसा हात उगारत नाही, नुसता बघतो. तिरळ्या डोळ्याचा मुलगा त्याला दवाखान्यात गाठून विचारतो, तुम्ही असं का वागता? मोमोसेचं उत्तर अंगावर काटा आणतं. त्याच्या मते याला कसलाच अर्थ नाही. तुझ्या डोळ्याशीही याचा संबंध नाही. आम्हाला करावंसं वाटलं, करता आलं, म्हणून केलं. तुला जमत असेल तर तूही कर.

नववीच्या वर्गात ही गोष्ट मी मराठीतून सांगते आणि विचारते, कोणाचं पटतं? बहुतेक मुलं कोजिमाच्या बाजूनं हात वर करतात, कारण घरीदारी त्यांनी तेच ऐकलेलं असतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, सोन्याला आगीतून जावं लागतं. एखादा मुलगा मात्र खाली मान घालून म्हणतो, “मॅडम, मोमोसे बरोबर बोलून राहिला. काही कारण नसते.” तो मुलगा बहुधा अनुभवातून बोलत असतो. मग त्या दिवशी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं, हे मी ठरवून टाकते.

माझं मत स्पष्ट आहे. मोमोसे छळणाऱ्याच्या मनाचं खरं वर्णन करतो, पण त्यातून काढलेला त्याचा निष्कर्ष खोटा आहे. कारण नसलेली क्रूरता ही कारण असलेल्या क्रूरतेहून कमी दोषी ठरत नाही. कोजिमाला मात्र मी दोष देत नाही. कुणीच मदतीला येत नाही तेव्हा माणूस स्वतःला टिकवण्यासाठी अर्थ शोधतो. पण तिच्या या अर्थाचा परिणाम बघा. सोसणं हीच तिची ओळख झाल्यावर त्यातून सुटायची वाटच तिच्यासाठी बंद होते. सुटका म्हणजे तिला फितुरी वाटू लागते. आणि आपण मोठी माणसं मुलाला “यातून तू घडशील” असं सांगतो, तेव्हा आपणच त्याला त्या बंद दाराशी नेऊन उभं करतो. “दहावीपर्यंत सहन कर बाबू, मंग कॉलेजात जाशीनच” असं म्हणणारी आई वाईट नसते. तिनं स्वतः आयुष्यभर तेच केलेलं असतं. पण दहावी दोन वर्षं लांब असते आणि दोन वर्षांचा काळ चौदाव्या वर्षी फार मोठा असतो.

आधी छळ थांबवायचा. अर्थ शोधायचा की नाही, हे त्या मुलानं मोठं झाल्यावर त्याचं त्यानं ठरवावं.

४. सेवाग्रामचा दाखला चुकीच्या जागी देऊ नका

“एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, आपण गांधींच्या जिल्ह्यातले” असं भाषणात अनेकदा ऐकू येतं. मार खाणाऱ्या मुलाला हे सांगणं अन्यायाचं आहे आणि गांधीविचाराशीही विसंगत आहे.

गांधीजींनी क्लेश स्वीकारले ते स्वतः निवडून, जाहीरपणे, मागणी पुढे ठेवून आणि सोबती घेऊन. मिठाच्या सत्याग्रहाआधी, २ मार्च १९३० रोजी, त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार ते कळवलं. १२ मार्चला साबरमतीहून ते ७८ सोबत्यांसह निघाले. स्वराज्य मिळाल्याशिवाय तिथे परतणार नाही असं ठरवून निघालेले गांधीजी पुढे वर्ध्याला आले आणि १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. आता मुतारीमागे चौघांनी धरलेल्या मुलाकडे बघा. त्यानं काही निवडलेलं नाही, काही जाहीर केलेलं नाही, सोबत कुणी नाही. त्याच्या गप्प राहण्याला सत्याग्रह म्हणणं म्हणजे त्याला एकट्याला सोडून देणं.

सेवाग्राम आश्रमात परचुरे कुटी आहे. मुलांची सहल नेली की मी त्यांना तिथे थांबवते. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी या रोगाला लोक पापाचं फळ म्हणत, म्हणजे त्या दुःखाला समाजानं आधीच अर्थ चिकटवून ठेवला होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हातानं त्यांची शुश्रूषा केली. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. आपल्याच हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. या तिन्ही ठिकाणी रोग्याला प्रवचन मिळालं नाही. औषध, काम आणि माणसांत जागा मिळाली. दुःखाविषयी वर्ध्याची खरी शिकवण ही आहे.

५. वर्गात मुलं जे करतात, ते बऱ्याचदा गावानं शिकवलेलं असतं

कोणत्या मुलाला निवडायचं, हे टोळीला हवेतून सुचत नाही. गावात ज्याला आधीच खाली लेखलं जातं, तोच वर्गात सापडतो. आडनाव, वस्ती, आईचा धंदा, वडिलांची दारू, शेतकरी वडिलांनी केलेली आत्महत्या, कशावरूनही हाक पडते. कापसाच्या या पट्ट्यात वडील गेलेलं मूल प्रत्येक शाळेत असतं. त्याला त्यावरून बोललेलं मी ऐकलंय, आणि ते शब्द मुलांचे नव्हते, ओट्यावरच्या मोठ्यांचे होते.

या बाबतीत मराठीकडे जे लेखन आहे, ते ‘हेवन’च्या तोडीचं आणि तिच्या आधीचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांनी आठवणींत लिहिलंय की वर्गात त्यांना स्वतःच्या तरटावर वेगळं बसावं लागे आणि ते तरट रोज घरून न्यावं-आणावं लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, तो नसेल त्या दिवशी तहानलेलं राहायचं. नववीच्या मुलांना हे सांगितलं की वर्ग गप्प होतो, कारण तहान प्रत्येकाला माहीत असते.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४), किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४). या साऱ्या आत्मकथनांत शाळा आहे, आणि शाळेत शिकण्याच्या ओढीबरोबर अपमानही आहे. काळ्यांनी तर वडिलांच्या नावाच्या जागी आईचंच नाव लावलं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरसुद्धा. ज्यावरून लोक हिणवत, तेच नाव त्यांनी अभिमानानं छापलं.

इथे कोजिमाच्या प्रश्नाचं एक खरं उत्तर सापडतं. या लेखकांच्या दुःखाला अर्थ आला तो सोसल्यामुळे नाही. त्यांनी ते लिहिलं, जाहीर केलं, त्याची कारणं दाखवली आणि ते पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये म्हणून झटले, म्हणून तो आला. बुद्धानं दुःख आहे असं सांगितलं, त्याला कारण आहे असं सांगितलं आणि त्याचा निरोध होऊ शकतो असंही सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेला धम्म याच रस्त्याचा आहे. दीक्षाभूमी इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. दुःखाचा गौरव करायचा नाही, त्याचं कारण शोधून ते दूर करायचं, हा विचार आपल्या इतक्या जवळ असताना मुलांना नुसतं सोसायला का शिकवावं?

६. बघणारी मुलं बदलली की वर्ग बदलतो

‘हेवन’मध्ये मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो बाकीचा वर्ग. ती मुलं मारत नाहीत, अडवतही नाहीत. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी दाखवून दिलं की छळात दोनच बाजू नसतात. कुणी मदतनीस असतो, कुणी हसून बळ देतो, कुणी बाजूला उभा राहतो, कुणी वाचवायला जातो. त्यांच्या कामातून तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम फिनलंडच्या शाळांत राबवला जातो आणि त्याचा भर याच बघणाऱ्या मुलांवर आहे.

मी वर्गात धाडसाची भाषणं देत नाही. टोळीसमोर उभं राहा, असं सांगणं बाराव्या-चौदाव्या वर्षी जड आहे. त्याऐवजी लहान गोष्टी सांगते. हसू नका. व्हिडिओ पुढे पाठवू नका. तो एकटा बसला असेल तर डबा घेऊन त्याच्याजवळ बसा. नाव न लिहिता चिठ्ठी टाका. रस्त्यानं सोबत जा. कोजिमानं केलं तेही इतकंच होतं, एक चिठ्ठी लिहिली. त्या मुलाचे पुढचे कितीतरी महिने त्या चिठ्ठीनं तोलले.

कामाचे गट बदलते ठेवणं हाही उपाय चांगला लागू पडतो. वर्ध्यातच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा आराखडा पुढे आला. डॉ. झाकिर हुसेन हा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. हातानं काम करत शिकणं, हा त्याचा गाभा. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत ही परंपरा आजही चालू आहे. परसबागेत वाफे करताना, एकत्र स्वयंपाक करताना मुलांचा मान गुणपत्रिकेवरून ठरत नाही. बाकावर ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या हाताला शेतातलं काम सगळ्यांहून नीट येतं, आणि ते वर्गाला दिसतं. माझ्या अनुभवात अशा कामानंतर टोपणनावं हळूहळू मागे पडतात.

७. दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका

तक्रार आली की शिक्षक दोघांना स्टाफरूममध्ये बोलावतात, दटावतात, हात मिळवायला लावतात आणि प्रकरण मिटलं असं समजतात. छळलेल्या मुलासाठी ती सर्वांत वाईट वेळ असते. त्याला छळणाऱ्यासमोरच बोलावं लागतं आणि नंतर रस्त्यात त्याची किंमत मोजावी लागते.

दोघांशी वेगवेगळं बोलावं. आधी सोसणाऱ्याशी, आणि त्याला विचारून पुढचं पाऊल टाकावं. छळणाऱ्याच्या पालकांनाही एकांतात भेटावं. त्याला सगळ्यांसमोर उभं करून बदडणं किंवा नावं ठेवणं चुकीचं आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. शिवाय मारून आपण त्याला एकच गोष्ट पक्की शिकवतो, की ज्याच्याकडे बळ तो मारू शकतो. म्हणजे मोमोसे बरोबर होता असंच सिद्ध करतो. त्याला नुकसानभरपाई करायला लावावी. फाडलेली वही त्यानंच लिहून द्यावी, फिरवलेला फोटो प्रत्येक ग्रुपवरून काढून टाकून तसं कळवावं. आणि आठवडे, महिने लक्ष ठेवावं. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर शाळेत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार तो कळवणं बंधनकारक आहे.

८. शरीरातली उणीव बरी करायची की नाही, हा त्या मुलाचा हक्क आहे

कादंबरीत डॉक्टर मुलाला सांगतात की हा तिरळेपणा साध्या शस्त्रक्रियेनं, थोड्या खर्चात बरा होऊ शकतो. तो हे आनंदानं कोजिमाला सांगतो आणि ती कोसळते. तिला वाटतं, खूण पुसली तर आपल्या दोघांच्या सोसण्याचं काय उरलं? तो शेवटी सावत्र आईशी बोलतो, ती समजून घेते, शस्त्रक्रिया होते आणि तो पहिल्यांदा झाडांना खोली असल्याचं बघतो. कोजिमा त्याला पुन्हा भेटत नाही.

डोळा सरळ झाला म्हणजे छळणारे जिंकले, असं मला वाटत नाही. त्याला नीट दिसायला लागलं, ही गोष्ट त्याच्या एकट्याची आहे. पालकांना मी एवढंच सांगते : लहानपणीच तिरळेपणा दिसला तर ‘नशीबवान डोळा’ म्हणून सोडू नका. वेळेत उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याची दृष्टी मंदावू शकते. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही मोठं रुग्णालय आहे. मूल चिडवलं जातं म्हणून न्या असं मी म्हणत नाही, त्याला दिसावं म्हणून न्या. आणि उपचार होईपर्यंत, किंवा झालाच नाही तरी, त्याला चिडवणं बंद करणं ही शाळेची जबाबदारी आहे.

९. असं पुस्तक मुलांसोबत वाचताना काळजी घ्या

गोष्ट दुसऱ्या देशातली असते तेव्हा मुलं मोकळी बोलतात. जपानच्या मुलाबद्दल बोलता बोलता आपलंच सांगून जातात. म्हणून कोणालाही “तुझ्यासोबत असं झालं का?” असं वर्गात विचारू नये. नाव न लिहिता कागदावर लिहायला द्यावं आणि ते कागद मोठ्यानं वाचू नयेत. मारहाणीचे प्रसंग तपशिलानं सांगू नयेत. ‘हेवन’मधला बागेतला शेवटचा प्रसंग तर शाळकरी मुलांना वाचून दाखवण्याजोगा नाही, तो मोठ्यांनी वाचावा. वाचनानंतर शिक्षकानं शाळेत थांबावं. एखादं मूल दप्तर भरायला उगाच वेळ लावतं. त्याला बोलायचं असतं.

१०. एक चांगली मॅडम पुरत नाही, शाळेला व्यवस्था हवी

शिक्षकाची बदली होते, व्यवस्था राहते. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी जीव दिल्यानंतर १९८३ मध्ये देशभर शाळांत मोहीम झाली. जपानमध्ये ओत्सू शहरातल्या एका विद्यार्थ्याच्या २०११ मधल्या मृत्यूनंतर २०१३ साली शालेय छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि प्रत्येक शाळेला त्यासाठी धोरण व समिती ठेवणं भाग पडलं. दोन्हीकडे मुलं गेल्यावर जाग आली. आपण तितकं थांबायला नको.

महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समितीची तरतूद आहे, तक्रारपेटीही आहे. आपल्या शाळेत ती पेटी कोण उघडतं, किती दिवसांनी उघडतं, कुलूप कोणाकडे असतं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत उभं राहून विचारा. मधल्या सुट्टीत मुतारीजवळ आणि नळाजवळ एक मोठं माणूस असावं, अशी मागणी करा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक मुलांना पाठ करून घ्या, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा.

पालकांनो, मूल “मले शाळेत नाही जाचं” म्हणालं तर त्या रात्री त्याला थोरामोठ्यांच्या सोसण्याच्या गोष्टी सांगू नका. त्याचं पूर्ण ऐका, ‘तुझी चूक नाही’ हे शब्द उच्चारून सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत शाळेत जा.